रुग्णाशी जवळीक किती असावी? (उपचार करणाऱ्यांनी आणि उपचार घेणाऱ्यांनीही लिहावं)

कातळफूल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या कामात दोन गोष्टी इतर बहुतेक शाखांपेक्षा जास्त असतात: रुग्णासोबतचा वेळ आणि स्पर्श. गुडघ्याचा सांधा बदललेला माणूस किंवा पक्षाघातातून सावरणारी बाई आठवड्यातून अनेकदा येते, बराच वेळ आमच्या हाताखाली असते, आणि हे काही महिने चालतं. व्यायाम चालू असताना बोलणं होतंच. आधी दुखण्याबद्दल, मग झोपेबद्दल, मग घरातल्या कुरबुरी, नोकरीची धास्ती, आणि कधीतरी जोडीदारालाही न सांगितलेलं काहीतरी. शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं असलं की मनही सैल होतं.

या बोलण्याची उपचाराला मदतच होते. घरी व्यायाम का होत नाहीत याचं खरं कारण अशा गप्पांतूनच कळतं. पण याच वाटेने पुढे रात्रीचे मेसेज येतात, भेटवस्तू येतात, "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं" येतं. बहुतेक वेळा त्यात वावगं काहीच नसतं. तरीही कुठेतरी थांबायचं असतं, आणि ते कुठे हे प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने ठरवत असतो.

माझं मत आधीच सांगते. सीमा राखायची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे, रुग्णाची थोडीसुद्धा नाही. तो वेदनेत असतो, घाबरलेला असतो, आमच्यावर अवलंबून असतो. त्याला आमच्याबद्दल काहीही वाटू शकतं आणि ते वाटण्याचा त्याला अधिकार आहे. त्याचं काय करायचं हे मात्र आम्ही ठरवायचं.

उघड गैरवर्तनाबद्दल दुमत नसावं. मला त्याच्या अलीकडच्या पट्ट्याबद्दल बोलायचं आहे. फोन नंबर द्यावा का, भेट घ्यावी का, स्वतःबद्दल किती सांगावं, उपचार संपल्यावर मैत्री चालेल का? डॉक्टर, नर्स, समुपदेशक, सगळ्यांनी लिहा. रुग्णांनी तर नक्की लिहा.

जुनाजाणता

विषय काढलात हे फार बरं केलंत. मी जनरल प्रॅक्टिस करतो, तीही लहान वस्तीत. मोठ्या शहरातल्या डॉक्टरला "रुग्णाशी दवाखान्याबाहेर संबंध नको" असं म्हणता येतं. माझ्या मुलांचे शिक्षक माझे रुग्ण, घराची वायरिंग करणारा माझा रुग्ण, शेजारी तर सगळेच. इथे दुहेरी नातं टाळता येत नाही, ते सांभाळावं लागतं.

मी पाळतो ते एवढंच: रस्त्यात, समारंभात कुणी रिपोर्ट पुढे केला तर "उद्या दवाखान्यात या, नीट तपासून सांगतो" म्हणतो. तुटकपणे नाही, पण दर वेळी. कारण रस्त्यात दिलेला सल्ला अर्धवट असतो, त्याची नोंद कुठेच राहत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला त्याचं दुखणं कळतं. आणि कुणाच्या तब्येतीची गोष्ट माझ्या घरातही बोलली जात नाही. बायकोला ते बाहेरूनच कळतं.

स्पष्टोक्ती

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

या सगळ्यामुळे वैद्यकातली माया आटत चालली आहे असं मला मनापासून वाटतं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात एक डॉक्टर त्यांच्या खाटेवर बसून त्यांचा हात हातात घेत. दुसरे दारात उभे राहून फाइल वाचत. नियमाच्या पट्टीने मोजलं तर दुसरे जास्त 'व्यावसायिक' ठरतील. वडील वाट बघायचे ती पहिल्यांची.

दुसरं म्हणजे, दोन सज्ञान माणसांना एकमेकांबद्दल ओढ वाटली, जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, तर बाकीच्यांनी मध्ये का पडावं? डॉक्टरही माणूसच आहे.

मनोगती

स्पष्टोक्ती, तुमच्या दोन्ही मुद्द्यांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं, कारण हे प्रश्न आमच्याकडे शिकायला येणारेही विचारतात. मी मनोविकारतज्ज्ञ आहे.

पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. खाटेवर बसणं, हात हातात घेणं हा सीमाभंग नव्हे. थॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबार्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकायट्री'मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि आजही आम्ही त्याच भाषेत विचार करतो. एक बाउंड्री क्रॉसिंग, म्हणजे नेहमीची चाकोरी सोडून केलेली, पण रुग्णाला इजा न करणारी, कधी त्याच्या भल्याचीही ठरणारी कृती. चालताना अडखळलेल्या रुग्णाला हात देऊन उठवणं, शोकात असलेल्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवणं. दुसरं बाउंड्री व्हायोलेशन, ज्यात रुग्णाचा वापर होतो. तीच कृती संदर्भ बदलला की एकातून दुसऱ्यात जाऊ शकते, हेही त्यांनी बजावलं. म्हणून कृतींची यादी पाठ करून भागत नाही. ही कृती कुणाच्या गरजेसाठी चालली आहे, हे विचारावं लागतं. तुमच्या वडिलांचा हात धरला गेला तो वडिलांच्या गरजेसाठी.

आता दुसरा मुद्दा. इथे माझा ठाम विरोध आहे.

दोन सज्ञान माणसं, हे खरं. पण त्यांतल्या एकाने दुसऱ्यापुढे कपडे उतरवले आहेत, आपल्या भीती सांगितल्या आहेत, आणि समोरच्याने स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नाही. एकाला औषध लिहून हवंय, दुसऱ्याच्या हातात पेन आहे. अशा वेळी "हो" म्हणणाऱ्याला "नाही" म्हणणं किती सोपं होतं, हे बघावं लागतं. उपचार बिघडतील, डॉक्टर रागावतील, पुन्हा नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, या भीतीच्या सावलीतली संमती मोकळी नसते.

शिवाय रुग्णाला जे वाटतं ते बरेचदा त्या डॉक्टरबद्दल नसतंच. फ्रॉइडने १९१५ सालीच यावर लिहून ठेवलं आहे. उपचाराच्या खोलीत जागं होणारं प्रेम ती परिस्थितीच निर्माण करते. ते डॉक्टरच्या व्यक्तिमत्त्वाचं यश आहे असं डॉक्टरने मानू नये, त्याला प्रतिसाद देऊ नये, आणि रुग्णाला झिडकारूही नये. यालाच आपण ट्रान्सफरन्स म्हणतो: आयुष्यातल्या जुन्या महत्त्वाच्या नात्यांमधल्या भावना आताच्या माणसावर येऊन बसतात. मन लावून ऐकणारं, न रागावणारं, ठरल्या वेळी हजर असणारं माणूस कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटतं ते दवाखान्यात. त्यांना ओढ वाटली तर नवल काय? उलट दिशेनेही हे होतं, आणि त्याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. डॉक्टरही माणूसच आहे हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणून तर नियम लागतात.

रेवा

हे लिहू की नको असा विचार करत होते. मनोगतींचा प्रतिसाद वाचून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी पाठदुखीसाठी एका तज्ज्ञाकडे गेले होते. नाव, ठिकाण लिहीत नाही. तपासणीत जे झालं ते तपासणी होती की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि त्रास नेमका त्याचाच होतो. काय करणार आहेत हे त्यांनी आधी सांगितलं नाही. पडदा नव्हता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी काही विचारलं तर "मी डॉक्टर आहे की तुम्ही?" हे उत्तर मिळालं. घरी येऊन मी स्वतःलाच समजावत राहिले की हे असंच असेल, मलाच कळत नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासण्याआधी सांगितलं: आता मी कमरेच्या मणक्यांवर दाब देऊन बघणार आहे, त्यासाठी शर्ट एवढा वर घ्यावा लागेल, दुखलं किंवा नको वाटलं तर थांबा म्हणा, मी लगेच थांबेन. नर्स आत हवी का, हेही विचारलं. त्या दिवशी मला कळलं की ते तसं असायला नको होतं.

स्पष्टोक्ती, तुम्ही मायेबद्दल लिहिलंत. मला माया दुसऱ्या डॉक्टरांकडे मिळाली.

सांजवात

रेवा, लिहिलंस ते बरं झालं. मी वीस वर्षांहून जास्त काळ नर्सिंगमध्ये आहे, म्हणून खात्रीने सांगते: तुला प्रश्न पडला, हेच सांगतं की ती तपासणी जशी व्हायला हवी तशी झाली नाही. तपासणी गरजेची असली तरी न सांगता, आडोसा न देता करणं चूकच. आणि "मला नीट कळलं नाही" ही रुग्णाची चूक नसते. समजावून सांगणं हे आमचं काम.

सगळ्यांसाठी लिहिते, रुग्ण म्हणून हे मागायचा तुम्हाला हक्क आहे: कपडे बदलायला एकांत, जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर पांघरूण, आधी माहिती, आणि हवं असेल तर सोबतीला दुसरं माणूस. हे मागितल्यावर चांगला डॉक्टर दुखावत नाही. सोबतीचं माणूस त्याच्याही रक्षणासाठीच असतं. आणि त्या माणसाने कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं नसतं. तपासणी दिसेल अशा जागी, रुग्णाच्या डोक्याजवळ उभं राहायचं.

जुनाजाणता

यावरून आठवलं. स्टेथोस्कोप आला तोच या संकोचातून. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लॅनेक या डॉक्टरपुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी होती. त्या काळी छातीला थेट कान लावून ठोके ऐकत. तिचं वय आणि ती स्त्री आहे हे पाहता ते त्याला योग्य वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि थेट कान लावून येत त्याहून ठोके स्पष्ट ऐकू आले. सीमा पाळल्याने उपचार कमी पडतात असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

आणि हा विचार आजचा नाही. हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेत वैद्य म्हणतो की ज्या घरात जाईन तिथे रुग्णाच्या भल्यासाठीच जाईन आणि स्त्री असो वा पुरुष, गुलाम असो वा स्वतंत्र, कुणाच्याही शरीराचा गैरफायदा घेणार नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जे बजावतो तेही वाचण्यासारखं आहे. रुग्णाच्या घरात शिरल्यावर वाणी, मन, बुद्धी, इंद्रियं रुग्णाखेरीज कशातही गुंतवू नकोस. त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नकोस. पती किंवा पालकाच्या अनुमतीशिवाय स्त्रीने दिलेलं काही घेऊ नकोस. शेवटच्या सूचनेत स्त्रीला स्वतःचं मत नाही, तो त्या काळाचा भाग, आणि आज ती तशी चालणार नाही. पण घरात परका माणूस विश्वासावर शिरतो आणि त्या विश्वासाला वैद्याने जपायचं असतं, ही जाणीव त्यात लख्ख आहे.

दूरस्थ

मी रुग्ण आहे. डायलिसिसवर. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहते आहे म्हणून लिहितो.

दीर्घ आजारात दवाखान्यातली माणसं हीच आमची रोजची माणसं होतात. मित्र हळूहळू यायचे बंद होतात. सुई टोचणाऱ्या नर्सला माझ्या हाताची शीर माझ्या भावापेक्षा जास्त ओळखीची आहे. अशा वेळी "सीमा" हा शब्द ऐकला की दार बंद केल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एक तंत्रज्ञ होते, फार जिव्हाळ्याचे. व्यवस्थापनाने काहीतरी नवी पद्धत आणली आणि ते एका दिवसात बदलले. डोळ्याला डोळा द्यायचे बंद झाले. काय झालं, कुणी सांगितलं नाही. मी कित्येक रात्री विचार करत राहिलो की माझ्याकडून काय चुकलं.

सीमा घाला, पण आम्हाला सांगून घाला. आणि जिव्हाळा काढून घेऊ नका, तो आमच्या औषधाचाच भाग आहे.

कातळफूल

दूरस्थ, तुमच्या प्रतिसादावर खूप वेळ थांबले.

सीमा सुरुवातीलाच, सगळ्यांना सारखी सांगितलेली असली की ती कुणाला लागत नाही, असा माझा अनुभव आहे. पहिल्याच भेटीत मी सांगते: हा क्लिनिकचा नंबर, या वेळेत मेसेज केलात तर त्याच दिवशी उत्तर देईन, रात्री काही तातडीचं वाटलं तर थेट इस्पितळात जा, माझ्या उत्तराची वाट बघू नका. खासगी नंबर कुणालाच देत नाही हेही सांगते. "कुणालाच" हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन महिन्यांनी मध्येच बंद केलेलं दार आणि पहिल्या दिवसापासून माहीत असलेलं दार यांत फार फरक आहे.

तुमच्या तंत्रज्ञांनी नवी पद्धत पाळली असेल, पण तुमच्याशी बोलले नाहीत. ते अन्यायाचं झालं.

सांजवात

भेटवस्तूंबद्दल कुणी अजून लिहिलं नाही. मी उपशामक सेवेत काम करते, म्हणजे जिथे बरं करणं शक्य नसतं तिथे वेदना कमी करणं. आम्ही रुग्णाच्या घरी जातो. तिथे हा प्रश्न रोजचा आहे.

लहान मुलीने काढलेलं चित्र, हाताने विणलेलं काही, आभाराचं पत्र, हे मी घेते, आणि संपूर्ण टीमच्या नावाने घेते. ते नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. मृत्यूच्या दारातल्या माणसाला आपणही कुणाला काही देऊ शकतो हे वाटणं मोलाचं असतं. रोख रक्कम, दागिना, किमती वस्तू, हे नाही. मृत्युपत्रात नाव घालतो असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगायचं आणि लेखी नोंद करायची, मग रुग्ण कितीही समजूतदार असो. उद्या त्याच्या मुलांना प्रश्न पडेल की ही नर्स इतकी मायेने का वागत होती, आणि आईवडिलांची शेवटची आठवण गढूळ होईल.

भेट कधी दिली जाते तेही बघावं. उपचार संपताना दिलेली भेट बहुधा आभार असते. उपचाराच्या मध्यात, लवकरची वेळ हवी असताना दिलेली भेट काहीतरी मागत असते.

आणखी एक, जे मला जास्त धोक्याचं वाटतं: खास रुग्ण. टॉम मेन या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९५७ साली यावर लिहिलं होतं. त्यांच्या इस्पितळातल्या काही रुग्णांसाठी नर्स जिवाचं रान करत. प्रत्येकीला वाटे की हिला फक्त मीच समजू शकते, बाकीचे कठोर आहेत. टीममध्ये फूट पडे, नर्स थकून जात, आणि रुग्णाची तब्येत काही सुधारत नसे. मी नव्या मुलींना सांगते: "फक्त मीच" असं मनात आलं की त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. कारण त्यानंतर आपण वेळ वाढवतो, नियम वाकवतो, त्या रुग्णाबद्दल टीममध्ये बोलायचं टाळतो, आणि हे सगळं चांगुलपणाच्या भावनेनेच करतो.

इंटर्न

मी इंटर्नशिप करतो आहे. दोन प्रश्न आहेत. वॉर्डातून डिस्चार्ज झालेल्या माझ्याच वयाच्या रुग्णांच्या सोशल मीडियावर रिक्वेस्ट येतात, त्या स्वीकारल्या नाहीत तर उद्धट वाटतं. आणि घरचे, मित्र सतत औषधं विचारतात. नाही म्हटलं तर "एवढं शिकून काय उपयोग" म्हणतात.

जुनाजाणता

इंटर्न, रिक्वेस्ट स्वीकारू नकोस. तुझे सुट्टीतले फोटो, राजकीय मतं, घरची माणसं हे रुग्णाला दिसण्याचं कारण नाही. आणि त्याचं आयुष्य तुला दिसलं की तूही नकळत त्याचा अर्थ लावणार. उत्तर न देता सोडू नकोस, पुढच्या तपासणीला भेटला तर सांग: "मी कोणत्याच रुग्णाला तिथे जोडत नाही, पण तब्येतीचं काहीही असेल तर ओपीडीत नक्की ये." रुग्णाला इंटरनेटवर शोधणंही टाळ. उत्सुकता म्हणून तर कधीच नाही. त्याने तुला न सांगितलेलं तुला माहीत झालं, तर ते तू कुठे ठेवणार?

घरच्यांचं म्हणशील तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतही हेच आहे, की तातडीचा प्रसंग किंवा किरकोळ, थोड्या दिवसांचं दुखणं सोडलं तर डॉक्टरने स्वतःवर आणि जवळच्यांवर उपचार करू नयेत. कारण साधं आहे. बहिणीला तू दारू-सिगारेटबद्दल, लैंगिक आजाराबद्दल मोकळेपणी विचारणार नाहीस, आणि विचारलंस तरी ती खरं सांगणार नाही. आईच्या पोटात गाठ लागली तर तुझाच हात "काही नसेल" म्हणेल. त्यांना चांगल्या डॉक्टरकडे ने, सोबत बस, रिपोर्ट समजावून सांग. शिकल्याचा तो उपयोग पुष्कळ आहे.

स्पष्टोक्ती

रेवा, तुमचा अनुभव वाचून मी माझा दुसरा मुद्दा मागे घेतो. उपचार चालू असताना असं नातं नकोच, हे पटलं.

पण उपचार संपल्यावर? पायाचं हाड मोडलं, प्लास्टर निघालं, विषय संपला. दोन वर्षांनी ते दोघं कुठेतरी भेटले तर?

मनोगती

प्रामाणिक प्रश्न आहे, आणि याचं एकच उत्तर सगळ्या शाखांना लागू होत नाही.

माझ्या शाखेत उत्तर 'कधीच नाही' हे आहे. अमेरिकन सायकायट्रिक असोसिएशनची आचारसंहिता माजी रुग्णाशीही लैंगिक संबंध अनैतिक ठरवते. मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने उपचार संपल्यानंतर किमान दोन वर्षांची अट घातली आहे, आणि त्यानंतरही अगदी अपवादात्मक परिस्थितीतच. रुग्णाचा गैरफायदा घेतला नाही हे दाखवण्याची जबाबदारी मानसशास्त्रज्ञावरच. कारण मनाच्या उपचारात मी रुग्णाबद्दल जे जाणतो ते संपत नाही. त्याला काय बोललं की तो कोसळतो, हे मला माहीत आहे. ते विसरून मी त्याच्यासमोर बरोबरीचा माणूस म्हणून बसू शकत नाही. आणि तो पुन्हा आजारी पडला तर जाणार कुणाकडे?

एकदा मोडलेलं हाड आणि अनेक वर्षांचा फॅमिली डॉक्टर यांत अर्थातच फरक आहे. उपचार किती खोल होता, किती काळ चालला, रुग्ण तेव्हा किती हतबल होता, संबंध खरंच संपला आहे का, हे सगळं बघितलं जातं. एक गोष्ट मात्र सगळीकडे चूक: नातं जोडता यावं म्हणून उपचार संपवणं. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना हे स्पष्ट सांगितलं आहे. "आजपासून मी तुमचा डॉक्टर नाही, संध्याकाळी भेटू" याने काहीच बदलत नाही.

आणि बहुतेक प्रकरणं अशी एका वाक्यात घडतही नाहीत. दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट दिली जाते, कारण नंतर घाई नसते. ठरलेली वेळ लांबत जाते. फी माफ होते. डॉक्टर स्वतःच्या संसारातलं दुःख सांगू लागतो, आणि रुग्ण त्याची काळजी घेऊ लागतो. ही जागा फार महत्त्वाची. स्वतःबद्दल एखादं वाक्य सांगायला हरकत नाही, "माझंही हे ऑपरेशन झालंय, पहिला आठवडा जड जातो" याने धीर येतो. पण रुग्ण घरी जाताना डॉक्टरची चिंता घेऊन जात असेल तर भूमिका उलटल्या आहेत. मग एखादी गोष्ट केस पेपरवर लिहायची राहते, मुद्दाम राहते. त्या टप्प्यावर डॉक्टरला आतून कळलेलं असतं.

म्हणून मी स्वतःला आणि शिकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारतो: आत्ता जे करतो आहे ते उद्या सकाळी सहकाऱ्यांसमोर जसंच्या तसं सांगता येईल का?

रेवा

आणि ज्या रुग्णाला खरंच प्रेम वाटतं, तिचं काय? तिने सांगितलं आणि डॉक्टरने दुसऱ्या दिवशी तिला दुसरीकडे पाठवलं, तर तिने काय समजायचं?

मनोगती

तसं करू नये. तो दंड वाटतो. मी साधारण असं बोलतो: "हे सांगायला धीर लागला असेल, सांगितलंत ते बरं केलंत. असं वाटणं चुकीचं नाही आणि इथे होतं असं. आपलं नातं मात्र उपचाराचंच राहील, आणि म्हणून तुम्ही इथे काहीही बोलू शकता." मग त्याच आठवड्यात वरिष्ठ सहकाऱ्याशी बोलतो. बरेचदा उपचार पुढे चालू राहतात, आणि त्या भावनेबद्दल बोलल्याने रुग्णाला स्वतःबद्दल बरंच काही समजतं. माझंच मन स्थिर राहत नसेल तर मात्र दुसऱ्याकडे सोपवायचं. तेही कारण सांगून, दोष न देता, नव्या डॉक्टरची भेट ठरवून.

दूरस्थ

"म्हणून तुम्ही इथे काहीही बोलू शकता." हे वाक्य लिहून ठेवलं आहे.

कातळफूल

उलट बाजूबद्दलही विचारायचं आहे. रुग्णच मर्यादा ओलांडतो तेव्हा. आमच्या शाखेत तरुण मुली जास्त. व्यायाम देताना मुद्दाम केलेला स्पर्श, अंगावर घसरणारी भाषा, "तुमच्या हातात जादू आहे" पासून सुरू होऊन पुढे जाणारं काही. मुली हसून सोडून देतात, कारण रुग्णाला दुखवायचं नाही असं शिकवलेलं असतं. जबाबदारी आमची, हे मी वर म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. पण जबाबदारी आमची म्हणजे सहन करणं आमचं, असं होता कामा नये.

सांजवात

अजिबात नाही. सीमा सांभाळायची जबाबदारी आपली, म्हणजे ती मोठ्याने सांगायचीही जबाबदारी आपली.

पहिल्याच वेळी, हसू न आणता, साध्या आवाजात: "असं बोलू नका. मी इथे तुमच्या खांद्यावर उपचार करायला आहे. पुन्हा झालं तर आजचं सेशन थांबवेन." आणि झालं तर खरंच थांबवायचं. डोक्याला मार लागलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हा आजाराचा भाग असू शकतो, राग धरायचा नाही. पण दोघींनी मिळून जायचं, एकटीने नाही. यात वरिष्ठांनी मुलीला "तुला सवय करून घ्यावी लागेल" म्हणणं मला सगळ्यात वाईट वाटतं. तिची जागा बदलून रुग्णाला तसाच ठेवला तर पुढच्या मुलीवर तीच वेळ येते.

इंटर्न

अशा प्रसंगांची नोंद कशी करायची? केस पेपरवर लिहायचं की वेगळं? आम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही.

सांजवात

उपचारावर परिणाम होत असेल तर केस पेपरवर लिहायचं, आणि इस्पितळात घटनेच्या नोंदीचा वेगळा फॉर्म असेल तर तोही भरायचा. त्याच दिवशी. जे घडलं तेवढंच, विशेषणं नाहीत. "रुग्ण असभ्य आहे" असं लिहू नकोस. असं लिही: "खांद्याचा व्यायाम देताना रुग्णाने दोन वेळा हात धरून ठेवला. सोडण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी सेशन थांबवले. विभागप्रमुखांना कळवले. पुढील सेशन दोन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत." खाली वेळ, सही, आणि कुणाला कळवलं त्याचं नाव. भेट नाकारली, खासगी नंबर मागितला होता, रुग्णाने प्रेम व्यक्त केलं, यांच्या नोंदीही याच पद्धतीने होतात. मात्र केस पेपर रुग्ण मागून वाचू शकतो हे लक्षात ठेवून लिही. त्याने वाचलं तर त्याला लाज वाटेल असा एकही शब्द त्यात नको.